थरथरणारा क्लच आणि त्याचा तपास

उसाचा हंगाम सुरू झाला, की पेठ वडगावाहून वाठारकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची जी रांग लागते, तिच्या मागे सापडलेल्या मोटारचालकाला पाच-दहा हात पुढे सरकावे, थांबावे आणि पुन्हा सरकावे, असा क्रम बराच वेळ चालवावा लागतो. आणि गाडीचा क्लच निकोप आहे की नाही, याची जितकी कठोर परीक्षा त्या अवधीत होते, तितकी सपाट महामार्गावरील दिवसभराच्या प्रवासातही होत नाही. या वाठारचे दप्तरी नाव 'वाठार तर्फ वडगाव' असे आहे. एके काळी वडगाव हे आसपासच्या गावांच्या तर्फेचे ठाणे होते, याची खूण त्या नावात अजून शिल्लक आहे. आजही पंचक्रोशीतील नादुरुस्त वाहने दुरुस्तीसाठी याच गावात येतात, आणि त्यांच्या मालकांच्या तोंडून येणाऱ्या तक्रारींत क्लचची तक्रार हटकून असते.

पायाखालचे पेडल हळूहळू वर येऊ द्यावे, चाके फिरू लागण्याचा क्षण जवळ यावा, आणि नेमक्या त्या क्षणी गाडीने सरळ पुढे न जाता अंगात हीव भरल्यासारखे थरथरावे, दारांच्या काचा खडखडाव्यात, आरशातील रस्ता अस्पष्ट व्हावा, आणि पेडल पूर्ण वर येताच सारे पूर्ववत शांत व्हावे, असे ज्या विकाराचे स्वरूप आहे, त्याला आमच्याकडचे मेस्त्री 'क्लच थरथरतोय' किंवा नुसते 'गाडी हिसके देती' असे म्हणतात. क्लच घसरणे हा याहून निराळा विकार. त्यात इंजिनाचा आवाज चढतो, परंतु गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. क्लच पुरता न सुटणे हा तिसरा. त्यात पेडल दाबूनही गिअर करकरत पडतो. कार्बुरेटरमधील मिश्रण बिघडून एखादा सिलिंडर मधूनच चुकू लागला, तरी चढावर निघताना गाडी हिसके देते आणि चालकाला तो क्लचचाच दोष वाटतो. म्हणून प्लग, पॉइंट आणि कार्बुरेटर यांची खातरजमा करून घेतल्यावाचून क्लचवर आरोप ठेवू नये, हा या तपासातील पहिला शिरस्ता मानला पाहिजे.

माझे स्वतःचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले ते एका गोमंतकीय गाडीमुळे. गेल्या शतकाच्या अखेरीस सॅन मोटर्स या कंपनीने गोव्यात 'स्टॉर्म' नावाची, दोन आसनांची, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या अंगाची आणि रेनॉच्या ११४९ घन सेंटिमीटरांच्या इंजिनावर चालणारी छोटी स्पोर्ट्स गाडी बांधावयास घेतली होती. अशा गाड्या फार थोड्या बाहेर पडल्या, आणि त्यांतील एक बरीच वर्षे वापरली गेलेली गाडी फोंडा घाट चढवून राधानगरीमार्गे मी वडगावात आणली. काही दिवसांनी तिचा क्लच थरथरू लागला. पुढे जाताना थोडा आणि मागे घेताना फार. एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून नवी क्लचप्लेट बसवली. थरथर कायम राहिली. त्याच गॅरेजने नवी प्लेट सदोष ठरवून दुसरी बसवली. थरथर तरीही हटली नाही. शेवटी, ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात ज्यांचा जन्म गेला, अशा गावातल्याच एका वृद्ध मेस्त्रींनी बॉनेट उघडे ठेवून मला गाडीत बसवले, हातब्रेक ओढून रिव्हर्स टाकावयास सांगितले आणि क्लच अर्धा सोडताच इंजिन आपल्या जागेवर कसे उसळते, ते मग स्वतः पेडलपाशी बसून, मला उतरवून प्रत्यक्ष दाखवले. इंजिनाला खालून धरून ठेवणारे रबर वयोमानाने पार फाटलेले होते. ते बदलले, आणि गाडी स्वस्थपणे चालू लागली. दोन वेळा उतरलेला गिअरबॉक्स आणि दोन नव्या प्लेटा यांचा खर्च निष्कारण झाला, याचे मला त्या वेळी फार वाईट वाटले. परंतु थरथर क्लचपाशी जाणवते म्हणून तिचे मूळ क्लचमध्येच असले पाहिजे, हे अनुमान किती दुर्बल आहे, ते त्या प्रसंगाने माझ्या मनावर कायमचे ठसले. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांविषयी जे जे वाचले, पाहिले आणि मेस्त्रींच्या तोंडून ऐकले, त्याने तो ठसा अधिकच खोल झाला.

आता या थरथरीची उत्पत्ती कशी होते, ते पाहू. सारंगीचा गज तारेवरून एकसारख्या गतीने ओढला जात असतो, तरी तार एकसारखी सरकत नाही. राळ लावलेला गज तिला क्षणभर पकडून आपल्याबरोबर नेतो, ताण अनावर होताच ती सुटून मागे येते, आणि पुन्हा पकडली जाते. या धरण्या-सुटण्याच्या क्रमातून नाद उत्पन्न होतो. याचे कारण असे, की स्थिर असताना दोन पृष्ठभागांतील घर्षण अधिक असते आणि ते सरकू लागताच कमी होते. क्लचप्लेटच्या लायनिंगचे घर्षण सरकण्याचा वेग वाढला तरी सारखे राहावे, किंवा किंचित वाढावे, अशी उत्तम लायनिंगची कसोटी असते. तेल लागल्याने, भाजून काच चढल्याने किंवा मूळचाच माल हलका असल्याने जेव्हा ते वेगाबरोबर घटू लागते, तेव्हा प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, धरते आणि सोडते, धरते आणि सोडते. इंजिनापासून चाकांपर्यंतचे शाफ्ट, सांधे आणि रबरे मिळून पीळ खाणारी एक लांब स्प्रिंगच असल्यामुळे त्या प्रत्येक हिसक्याने ती पिळते आणि उलगडते, आणि साऱ्या गाडीचे वजन तिच्या टोकाला झोके घेऊ लागते. पहिल्या गिअरमध्ये हे झोके सेकंदाला साधारण पाच ते वीस असतात, म्हणजे कानाला नाद म्हणून ऐकू येण्याइतके जलद नव्हेत, पण पाठीला आणि हातांना स्पष्ट जाणवतील असे.

दुसरी एक थरथर आहे, जिचा घर्षणाच्या गुणधर्माशी संबंध नसून भूमितीशी आहे. फ्लायव्हीलचा चेहरा वाकडा असेल, प्लेटला त्यावर दाबून धरणारी प्रेशर प्लेट तिरपी बसत असेल, किंवा गिअरबॉक्सचा अक्ष इंजिनाच्या अक्षाशी जुळत नसेल, तर प्रत्येक फेरीत एकदा दाब वाढतो आणि एकदा कमी होतो, आणि लायनिंग कितीही निर्दोष असले तरी गाडीला ठोके बसतात. या दोन जातींतील भेद गाडी न उघडता ओळखण्याचा एक सुलभ मार्ग आहे, आणि तो अजून गॅरेजांत रूढ झाला नाही याचे मला आश्चर्य वाटते. मोकळ्या जागी एकदा इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर आणि एकदा थोड्या अधिक फेऱ्यांवर क्लच सोडून पाहावा. दोन्ही वेळी थरथरीचा ठेका सारखाच राहिला, तर ती झोक्याची स्वतःची लय आहे आणि घर्षणाकडे किंवा रबरांकडे बोट दाखवते. फेऱ्यांबरोबर ठेकाही जलद झाला, तर कोठेतरी काहीतरी वाकडे फिरत आहे. ही परीक्षा अगदी थोड्या वेळात उरकावी, कारण अर्धवट धरलेल्या क्लचमध्ये जी उष्णता निर्माण होते ती नवा दोष उत्पन्न करावयास पुरेशी असते.

मालकाची जबानी नीट घेतली, तर निम्मा तपास तेथेच होतो. थरथर केव्हा होते, हा पहिला प्रश्न. पावसाळ्यात दोन-चार आठवडे उभी राहिलेली गाडी सकाळी बाहेर काढताना थरथरते आणि गावाबाहेर पडेपर्यंत सुधारते, असे उत्तर आले, तर फ्लायव्हीलच्या बिडाच्या चेहऱ्यावर दमटपणाने धरलेला गंज आणि लायनिंगने शोषलेला ओलावा यांहून अधिक काही शोधण्याची तूर्त गरज नसते. कोल्हापूरकडच्या पावसात छपराखालच्या गाडीचीही प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसल्याची उदाहरणे मेस्त्रींच्या स्मरणात असतात. उलट सकाळी क्लच स्वच्छ सुटतो, परंतु पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या चढावर उसाच्या गाड्यांमागून रखडत जाऊन आल्यावर थरथर सुरू होते, असे उत्तर आले, तर भाजलेला चेहरा, काच चढलेले लायनिंग किंवा तापून पातळ झालेल्या तेलाची गळती यांचा संशय घ्यावा. मुख्यतः मागे घेताना होणारी थरथर, माझ्या गाडीप्रमाणे, इंजिनाला धरणाऱ्या रबरांकडे पाहावयास सांगते, कारण रिव्हर्समध्ये इंजिनावरचा उलटा ताण नेमका त्या बाजूच्या रबरावर येतो, जे एरवी निवांत असते.

रबरांचा विषय निघालाच आहे, तर त्याचा थोडा विस्तार करणे अवश्य आहे. कारण जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या इतिहासात याच बाबतीत सर्वांत बोधप्रद दाखले मिळतात. ज्याला आपल्याकडे 'इंजिन फाउंडेशन' म्हणतात, त्या रबरी आधारांवर इंजिन तरंगत असते. १९६१ मध्ये निघालेली मिनी कूपर ही दिसावयास बाहुलीएवढी, पण माँटे कार्लोची रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ या वर्षी जिंकणारी गाडी. तिचे इंजिन आडवे बसवलेले असल्यामुळे ते पुढे-मागे उसळू नये म्हणून वरच्या बाजूला एक लहानसा दांडा दिलेला असतो, आणि त्या दांड्याच्या दोन टोकांची बोटाएवढी रबरे झिजली, की गाडी निघताना अशी काही थरथरते की अननुभवी मनुष्य क्लचच उघडावयास घेतो. १९६१ मध्येच आलेल्या जॅग्वार ई-टाइपमध्ये इंजिनाच्या मागच्या अंगाला वरून धरणारा एक आधार आहे. तो योग्य ताणावर बसवला नाही तर थरथर जाणवते. लोटस एलान या १९६२ च्या अत्यंत हलक्या गाडीत मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टांत नेहमीच्या क्रॉसऐवजी जाड रबरी चकत्या घातल्या होत्या. त्या पीळ खातात आणि उलगडतात, आणि क्लच सोडताना गाडी जे झोके घेते ते त्या रचनेतच अनुस्यूत आहेत; त्या गाडीच्या मालकाने नवी क्लचप्लेट आणून हा झोका जाईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्याने पाय हलका ठेवावयास शिकावे, किंवा चकत्यांच्या जागी दुसऱ्या प्रकारचे सांधे घालावेत.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सखालचे रबर, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, कमानींचे यू-बोल्ट आणि डिफरन्शियलचे आधार एवढे सारे हाताने हलवून, पान्याने तपासून झाल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू नये. याखेरीज एक फसवा दोष असा आहे, की ज्या जुन्या गाड्यांत पेडलची ओढ चासीपासून इंजिनापर्यंत लोखंडी सळईने किंवा केबलने नेलेली असते, त्यांत इंजिन उसळले की ती ओढच हलते. क्लच धरतो, इंजिन उसळते, ओढ खेचली जाऊन क्लच किंचित सुटतो, इंजिन खाली बसते, क्लच पुन्हा धरतो, आणि हे चक्र स्वतःच स्वतःला चालवीत राहते. येथे क्लच निर्दोष, ओढही निर्दोष, आणि कसूर पुन्हा त्या रबराचाच. तार सुटत चाललेली केबल आणि वंगणावाचून अडखळणारी कळ यांनीही पेडल टप्प्याटप्प्याने वर येते. तेवढ्यासाठी अर्ध्या दिवसाची दुरुस्ती पुरते. इंजिन कसे उसळते हे पाहताना चाकांना दगडाच्या उटी लावाव्यात आणि गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये. वृद्ध मेस्त्रींनी माझ्या गाडीपाशी प्रथम तोच बंदोबस्त केला होता.

बाहेरचे सारे पाहून झाल्यावर तेलाकडे वळावे. क्लचच्या एका अंगाला इंजिनाचे तेल आणि दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सचे तेल, आणि दोहोंना अडवून धरणारी एकेक ऑइल सील. या दोन सीमांमध्ये प्लेट कोरडी राहावी अशी अपेक्षा असते. जुन्या इंग्रजी गाड्यांत तर कित्येकदा मागच्या बाजूला सीलच नसे. एमजीबीच्या पहिल्या, १९६२ ते १९६४ या काळातील, तीन बेअरिंगांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकावर नुसते आटे कापलेले असत, आणि फिरताना त्या आट्यांनी तेल परत इंजिनात ढकलावे अशी योजना होती. नवेपणी ती चालते, पण झीज वाढली आणि इंजिनाच्या पोटातील दाब बाहेर जाण्याची वाट, म्हणजे ब्रीदर, काजळीने बुजली, की तेल त्या आट्यांना जुमानत नाही. यास्तव सील बदलण्याआधी ब्रीदर मोकळा करावा, हा उपाय इतका स्वस्त आहे की तो विसरला जातो. क्लचच्या घराच्या तळाशी बहुतेक जुन्या गाड्यांत एक छिद्र असते आणि काही गाड्यांत त्यात एक सैल स्प्लिट पिन लोंबत ठेवलेली असते. ती गाडीच्या हालचालीने डोलत राहून छिद्र मोकळे ठेवते; हा जादा राहिलेला भाग आहे अशा समजुतीने कोणी ती काढून टाकली, तर छिद्र चिखलाने बुजते आणि बाहेर पडावयाचे तेल आत साचते. त्या छिद्रातून आलेल्या थेंबाचा वास घ्यावा. गिअरच्या तेलाला गंधकाचा उग्र दर्प असतो, इंजिनाचे तेल काळे आणि करपट असते; कोणत्या सीमेवरून घुसखोरी झाली, त्याचा निर्णय गिअरबॉक्स उतरण्यापूर्वीच होतो. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याची वहिवाट मात्र सोडून दिली पाहिजे, कारण लायनिंगच्या छिद्रांत मुरलेले तेल पहिल्या चढावर तापून पुन्हा पृष्ठभागावर येते.

एवढ्याने निदान झाले नाही, तरच गिअरबॉक्स उतरवावा. आणि उतरवल्यानंतर जे दिसेल त्याचा, काहीही पुसण्यापूर्वी, पंचनामा करावा. प्रेशर प्लेटचे आवरण आणि फ्लायव्हील यांवर आमोरासमोर खूण करून ठेवावी. प्लेटच्या दोन्ही बाजू सारख्या झिजल्या आहेत का, चेहऱ्यावर निळे डाग आहेत का, प्रेशर प्लेटची बोटे, ज्यांना गॅरेजात फिंगर म्हणतात, ती एका पातळीत आहेत का, प्लेटच्या मध्यभागातील छोट्या स्प्रिंगा सैल किंवा मोडलेल्या आहेत का, हे पाहावे. घाईने उचलून कोपऱ्यात टाकलेली जुनी प्लेट म्हणजे हातचा मुद्देमाल गमावणे होय. माझ्या गाडीच्या पहिल्या दोन प्लेटा कशा झिजल्या होत्या, हे मला कोणी दाखवले नाही आणि मीही विचारले नाही. त्या दाखवल्या असत्या, तर त्यांचा निर्दोषपणा तेव्हाच ध्यानात आला असता.

निळ्या डागांविषयी कोल्हापूर जिल्ह्यात राहणाऱ्या मनुष्याने थोडे सविस्तर लिहिले तर ते अस्थानी ठरू नये. पाणी उपसणाऱ्या ऑइल इंजिनांच्या निमित्ताने या जिल्ह्यात बिडाच्या ओतकामाचा जो धंदा रुजला, तो शिवाजी उद्यमनगरातून शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत पसरला, आणि आज मोटारींचे कितीतरी सुटे भाग येथे ओतले जातात. म्हणजे फ्लायव्हील ज्या द्रव्याचे असते, त्या द्रव्याचे ज्ञान आमच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. करड्या बिडात साधारणपणे तीन ते साडेतीन टक्के कार्बन असून त्याचा मोठा भाग ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने विखुरलेला असतो. त्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर वाहून जाते, कंपने शोषली जातात, आणि लेथवर धार सुखाने चालते. परंतु चढावर क्लच अर्धवट धरून ठेवला, की चेहऱ्याची काही ठिकाणे एकट्यानेच तापतात. आणि हे तापमान सुमारे ७२५ अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाऊन सभोवारच्या थंड धातूने ती ठिकाणे झटकन निवली, म्हणजे तेथील लोखंडाची घडण बदलून ते टणक आणि ठिसूळ होते. पोलाद विझवून कठीण करतात, तसलीच ही प्रक्रिया. फक्त ती नको तेथे, नको तेव्हा घडते. असा टणक डाग आसपासच्या पृष्ठभागाहून किंचित उंच राहतो, लायनिंग त्याच्यावरून जाताना दर फेरीला अधिक धरते, तो पुन्हा तापतो आणि अधिक वाढतो.

यावर फ्लायव्हील लेथवर लावून चेहरा साफ करण्याची आपल्याकडे सरसकट पद्धत आहे, आणि साध्या झिजेला ती योग्यही आहे; परंतु टणक डागावर आली की लेथची धार तो डाग न कापता त्याच्यावरून उडी मारते, आणि साफ दिसणाऱ्या चेहऱ्यावर तीच टेकाडे पुन्हा उभी राहतात. डाग पडलेले फ्लायव्हील दगडावर, म्हणजे ग्राइंडिंग मशिनवर, घासले पाहिजे. डाग खोलवर गेले असतील तर ते बाद करावे. ज्या फ्लायव्हीलमध्ये प्लेट बसण्याचा चेहरा आणि आवरण बसण्याची कड या वेगवेगळ्या पातळ्यांवर असतात, तेथे एकीवरून जितके काढले तितकेच दुसरीवरून काढावे लागते, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलून नवी तक्रार उभी राहते. स्पोर्ट्स गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर जेव्हा मोटारींच्या शर्यती होत, तेव्हापासून, म्हणजे प्रीमियरच्या फिआटसारख्या घरगुती गाड्याही शर्यतीत उतरत त्या काळापासून, फ्लायव्हील कातून हलके करण्याची हौस आपल्याकडे आहे. हलक्या फ्लायव्हीलने इंजिन चपळ होते हे खरे; परंतु निघताना लागणारी शक्तीची शिल्लक कमी झाल्यामुळे क्लचचा प्रत्येक बारीक दोष दुप्पट जाणवतो. बाजारातून फिरलेल्या जुन्या गाडीत असे काही केलेले आहे का, हे फ्लायव्हील हातात आल्यावर वजन करून पाहावे.

भूमितीचा तपास डायल गेजने करावयाचा असतो, आणि हे साधे उपकरण उद्यमनगरातील प्रत्येक लेथवाल्यापाशी असूनही मोटारींच्या गॅरेजात क्वचितच आढळते. गेज फ्लायव्हीलच्या कडेजवळ टेकवून ते हळूहळू फिरवावे. फिरवताना क्रँकशाफ्ट एका दिशेला दाबून धरावा, नाहीतर त्याची मूळची पुढे-मागे होणारी मोकळीक वाकडेपणा म्हणून वाचली जाते. काट्याची हालचाल मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत असावी. जास्त आढळल्यास फ्लायव्हील काढून त्याच्या बैठकीवरचा कचरा आणि गंज पुसून पुन्हा मोजावे. पुष्कळदा एवढ्यानेच हिशेब जुळतो. त्यानंतर इंजिन आणि गिअरबॉक्स यांना एका अक्षावर धरणाऱ्या डॉवेल पिना पाहाव्यात. पूर्वी कोणी इंजिन उतरवलेले असेल, तर एखादी पिन हरवलेली असते आणि बोल्ट आवळले म्हणजे झाले अशा समजुतीने गाडी जोडलेली असते. परंतु बोल्ट केवळ ओढून धरतो, जागा दाखवतो ती पिनच. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक जिच्यात फिरते ती पायलट बुश झिजली असेल, तर शाफ्ट भोवऱ्यासारखा डोलतो.

प्लेटविषयी आता थोडक्यात. दोन लायनिंगांच्या मध्ये नागमोडी पोलादी पट्ट्या असतात. पेडल सोडताना त्या हळूहळू दबतात आणि धरण्याची क्रिया मऊ करतात. रिव्हेट ठोकून जुन्या प्लेटवर नवे लायनिंग चढवण्याचा व्यवसाय आपल्याकडे अजून चालतो, आणि मूळ प्लेट मिळत नाही अशा गाडीला तो एकच आधार असतो. परंतु त्या पट्ट्या चपट्या झालेल्या असतील, तर वरचे लायनिंग कितीही चांगले असो, क्लच थरथरणारच, हे काम देतानाच बजावून सांगावे. पोर्शे ९४४ च्या मूळ प्लेटमध्ये मध्यभागी स्प्रिंगांऐवजी रबर असे. ते वयाने फुटते, म्हणून पुढे स्प्रिंगांच्या प्लेटा घालण्याची प्रथा पडली. शर्यतीसाठी निघालेल्या धातुमिश्रित बटणांच्या प्लेटा गावरस्त्यावर थरथरतात, आणि तो त्यांचा दोष नसून स्वभाव आहे. ज्याला बाजारपेठेतून गाडी चालवावयाची आहे, त्याने त्या घेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या लायनिंगांत अॅस्बेस्टॉस असे, आणि क्लचच्या घरात साचलेली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून उडवण्याची सवय अजून गेलेली नाही, याची मला मनस्वी चिंता वाटते. ते तंतू फुफ्फुसात एकदा गेले की बाहेर येत नाहीत, आणि त्यांनी होणारा कर्करोग कित्येक वर्षांनी प्रकट होतो. गॅरेजात पाने पुढे करणारी मुले तर अवघी पंधरा-सोळा वर्षांची असतात. ती धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, फडके ओले असतानाच पिशवीत बांधावे, आणि मुलांना त्या वेळी दूर ठेवावे.

जोडणीत जे दोष शिरतात, त्यांची संख्या फार आहे आणि त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. गिअरबॉक्स वर चढवताना त्याचे टोक प्लेटमध्ये शिरलेले, पण मागचे अंग जॅकवरून घसरलेले, असा क्षण आला, की सारे वजन प्लेटच्या मध्यावर लोंबते आणि ती नवीकोरी प्लेट अर्ध्या मिलिमीटरने का होईना वाकते. गाडी सुरू होताच थरथरते, आणि मग 'मालच खराब आला' असा फैसला होतो. म्हणून दुसऱ्या माणसाने मागचे अंग शेवटपर्यंत उचलून धरावे, आणि प्लेट मध्यावर बसवण्यासाठी भंगारातील त्याच जातीच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट जवळ ठेवावा. आवरणाचे बोल्ट एकेक पूर्ण न आवळता समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेर देत आवळावेत. स्प्लाइनवर ग्रीसचा केवळ हात फिरवावा. जास्त लावलेले ग्रीस फिरताना उडून लायनिंगवरच बसते. नव्या लायनिंगवर तेलकट बोट लागू देऊ नये, आणि फ्लायव्हीलचा चेहरा शेवटी थिनरने पुसून कोरडा करावा.

नवी प्लेट बसल्यावर पहिले काही शे किलोमीटर तिचा पृष्ठभाग फ्लायव्हीलशी पुरता जुळलेला नसतो, आणि त्या काळातील हलकी थरथर ही तक्रार धरू नये. वडगावात बाजाराच्या दिवशी गाडी बाहेर काढू नये. भल्या सकाळी, ट्रॅक्टर रस्त्यावर येण्यापूर्वी, वाठारपर्यंत जावे, मध्ये आठ-दहा वेळा थांबून सावकाश निघावे, क्लच निवेल एवढी उसंत मध्ये द्यावी, आणि परत यावे. माझ्या स्टॉर्ममध्ये आज जी प्लेट आहे ती त्या दोन अकारण बसवलेल्या प्लेटांपैकी दुसरी आहे. रबर बदलल्यानंतर तिला अशाच आठवड्याभराच्या सकाळी मिळाल्या, आणि गेल्या पावसाळ्यात दीड महिना उभी राहिल्यावर गाडी काढली, तेव्हा पहिल्या दोन निघण्यांत गंजाची थोडी कुरकुर झाली, तिसऱ्या वेळी ती राहिली नाही.